कमान बांधायची की संडास?

आमच्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे, दोनशेच्या वर माणसं, त्यातली निम्मी पुण्यात, थोडी अमेरिका-कॅनडात आणि उरलेले आम्ही बडोद्यातच. शाळा म्हणजे गायकवाडी काळातलं सरकारी हायस्कूल, नाव घेत नाही. गेल्या दिवाळीत ग्रुपवर ठरलं की शाळेसाठी काहीतरी करायचं, फंड जमवायचा, आणि मग तीन दिवस एकच विषय, शाळेच्या दारात दगडी कमान, वर सयाजीराव महाराजांचा अर्धपुतळा, खाली स्थापनेचं साल आणि देणगीदारांची नावं. डिझाइनसुद्धा आलं, कोणाचा तरी भाचा आर्किटेक्ट आहे. मी लिहिलं, कमान नंतर बघू, आधी मुलींच्या संडासांना दारं बसवू. ग्रुप एकदम गप्प. तासाभराने एका दादांचा मेसेज आला, "अगं पण संडासावर नाव कुठे लावणार?" आणि पुढे हसायचे चार इमोजी.

दादा गमतीनेच बोलले, माणूस वाईट नाही, आईच्या आजारपणात रात्री दोन वाजता गाडी घेऊन आलेला माणूस आहे. पण ते वाक्य काही डोक्यातून जाईना. कारण खरं तेच आहे ना, शाळेच्या इतिहासावर नाव लावता येतं, फोटो काढता येतो, आणि शाळा चालते ती नळ, दारं, कड्या, बाक, पंखे, लॅबमधल्या परीक्षानळ्या असल्या गोष्टींवर, ज्यांच्यापुढे उभं राहून कोणी फोटो काढत नाही.

मला दारांचं कसं कळलं ते सांगते. आमच्याकडे स्वयंपाकाला ताई येतात त्यांची मुलगी. तिला शिक्षणहक्क कायद्याच्या २५ टक्के कोट्यातून एका खाजगी शाळेत ॲडमिशन मिळाली होती, पहिली ते आठवी एक पैसा फी नाही. हुशार मुलगी, टाय-बूट घालून रिक्षाने जायची. आठवी झाली आणि शाळेने फीचा कागद हातात दिला. आता हे पुष्कळ लोकांना माहीतच नसतं, मलाही नव्हतं, की तो कायदा ६ ते १४ वयाचाच आहे, आठवीपर्यंतचा. त्यानंतर कोटा संपला, मुलीने फी भरायची नाहीतर निघायचं. ताईंना ती फी झेपण्यातली नव्हती, म्हणून मुलगी नववीला आमच्या जुन्या हायस्कुलात आली. आणि पहिल्याच आठवड्यात तिने पाण्याची बाटली न्यायचं बंद केलं. का ते आईने विचारल्यावर म्हणाली, पाणी प्यायलं की जावं लागतं, आणि तिथे दोनच दारं धड आहेत, त्यातल्या एकाला कडी नाही, मैत्रिणीला बाहेर धरून उभं करावं लागतं.

हे ऐकून मला शरम वाटली ती वेगळ्याच कारणाने. १९८४-८५ मध्ये आम्हीसुद्धा हेच करत होतो. आमची सकाळची पाळी, मुलींची, दुपारची मुलांची, आणि सातपासून साडेबारापर्यंत आम्ही पाणी प्यायचो नाही. घरी आलं की दप्तर फेकून आधी मोरीकडे धावायचं. ग्रुपवर रोज शाळेच्या गोड आठवणी निघतात, पाटणकर वाड्याच्या कोपऱ्यावरचा बर्फाचा गोळा, रावपुऱ्यातून सायकलींची रांग, पण ही आठवण कोणी काढत नाही. बायकासुद्धा काढत नाहीत. चाळीस वर्षं झाली, मधे देशात कितीतरी घोषणा झाल्या, १५ ऑगस्ट २०१४ ला तर लाल किल्ल्यावरून सांगितलं गेलं की वर्षभरात प्रत्येक शाळेत मुलींचा वेगळा संडास झाला पाहिजे. आमच्या शाळेत तो तेव्हाही होता, कागदावर आजही आहे, फक्त दारं नाहीत. मोजणारा माणूस संडास मोजतो, कडी मोजत नाही.

बडोद्याचा माणूस शाळांबद्दल बोलायला लागला की सयाजीरावांपाशी येतोच, मीही येणार. नाशिककडच्या कवळाणे गावाहून आलेला बारा वर्षांचा मुलगा, अक्षरओळख नसलेला, १८७५ मध्ये गादीवर बसतो, आणि पुढे १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात, आधी मोजक्या गावांत, सक्तीचं मोफत शिक्षण सुरू करून बघतो. तेरा वर्षं तो प्रयोग चालवून, आकडे बघून, मग १९०६ मध्ये सगळ्या संस्थानाला कायदा लावतो. पोरगं शाळेत नाही आलं तर बापाला दंड! गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११ मध्ये असंच बिल ब्रिटिशांच्या कौन्सिलात मांडलं तेव्हा बडोद्याचं उदाहरण दिलं, आणि पुढच्या वर्षी ते बिल ३८ विरुद्ध १३ मतांनी पडलं. सगळ्या देशाला असा हक्क मिळायला घटनेत २००२ ची दुरुस्ती लागली आणि कायदा लागू झाला १ एप्रिल २०१० ला. म्हणजे बडोद्यानंतर एकशेचार वर्षांनी. हे सगळं आम्हाला तोंडपाठ आहे, दर जयंतीला कोणीतरी सांगतंच आणि आम्ही टाळ्या वाजवतो.

पण माझा मुद्दा असा आहे की १९०६ चा कायदा प्राथमिकचा होता ते समजण्यासारखं आहे, त्या काळात चौथी-पाचवी शिकलेल्या माणसाचं तेवढ्यावर भागायचं. आज आठवी शिकून काय होतं? डिलिव्हरीच्या कामालासुद्धा पुष्कळ ठिकाणी दहावी पास विचारतात. आणि तरीही शिक्षणहक्क कायद्याने शाळेत काय काय असलं पाहिजे याची जी यादी दिलीय, म्हणजे प्रत्येक शिक्षकाला एक वर्गखोली, मुलामुलींना वेगळे संडास, पिण्याचं चांगलं पाणी, मैदान, कंपाउंड, वर्तमानपत्रं आणि पुस्तकं असलेलं वाचनालय, ती यादी आठवीलाच संपते. नववी-दहावीसाठी योजना आहेत, २००९ पासून एक होती, २०१८ मध्ये ती केंद्राच्या समग्र शिक्षा योजनेत मिसळली, पण योजना म्हणजे यंदा बजेट आहे तर आहे. योजनेवरून कोर्टात जाता येत नाही. चौदा वर्षांच्या मुलीला आठवीच्या वर्गात ज्या दाराचा कायदेशीर हक्क होता तो नववीच्या वर्गात जाताना जिन्यातच राहतो. जरा विचार करा, नेमकं याच वयात ती दारं सगळ्यात जास्त लागतात.

आणि गंमत म्हणजे दुसऱ्या बाजूने सरकार पैसेही देतंय. गुजरातमध्ये २०२४ पासून नमो लक्ष्मी योजना आहे, नववी-दहावी मिळून २० हजार आणि अकरावी-बारावी मिळून ३० हजार, हजेरी ८० टक्के पाहिजे अशी अट. चांगली योजना आहे, ताईंच्या मुलीच्या बाबतीत तर त्या पैशांनी खरोखर क्लास लागला. पण महिन्यातले चार दिवस जी मुलगी संडासाच्या भीतीने घरी बसते, ती आणखी एखाद-दोन दिवस आजारी पडली की तिची ८० टक्के हजेरी कशी व्हायची? हजेरी भरायला पैसे द्यायचे आणि हजेरी ज्याने तुटते ते तसंच ठेवायचं.

आता ग्रुपवरचे लोक म्हणतील, हिला जुन्या शाळेत काहीच चांगलं दिसत नाही. असं नाही हो. आमची सायन्सची लॅब होती, सागवानी टेबलं, भिंतीत पितळी नळ, काचेच्या कपाटात तराजू. सर प्रत्येकीला स्वतःच्या हाताने लिटमस बुडवायला लावायचे, चार जणींत एक असं नाही. ड्रॉइंगचा वेगळा हॉल होता उत्तरेकडून उजेड येणारा, कोणीतरी विचार करून खिडक्या त्या बाजूला काढल्या असणार. वाचनालयाची दोन कपाटं होती आणि शनिवारी किल्ली एका मुलीच्या हातात असायची, वर्षभर ती मान मिरवायची. मी पंधरा दिवसांपूर्वी जाऊन आले. लॅब आहे, टेबलांवर जुने मॉनिटर रचलेत. ड्रॉइंग हॉलमध्ये निवडणुकीचं सामान. कपाटांना कुलूप आणि किल्ली कोणाकडे ते नक्की कोणालाच माहीत नाही. एका वर्गात मात्र स्मार्ट बोर्ड आहे, झाकून ठेवलाय, धूळ बसते म्हणून. सीसीटीव्ही चार. सायन्सला कायम शिक्षक नाहीत, ११ महिन्यांच्या करारावरचे एक ज्ञानसहायक आहेत, तरुण मुलगा, मनापासून शिकवतो असं मुली सांगतात, पण त्याला पुढच्या वर्षी आपण इथे असू का हेच माहीत नाही तर तो लॅब कशासाठी लावेल? लॅब लावायला दोन वर्षं लागतात, मोडायला एक मे महिना पुरतो.

सुविधा हा शब्दच आपण वाईट करून टाकलाय असं मला वाटायला लागलंय. शाळेत सुविधा काय म्हटलं की यादी येते, वायफाय, प्रोजेक्टर, स्मार्ट क्लास, कॅमेरे. विकत आणून बसवता येतात अशा वस्तू, एकदा बिल पास झालं की काम झालं. पण वाचनालय म्हणजे कपाट नव्हे ना, शनिवारी ते उघडणारं कोणीतरी पाहिजे. सयाजीरावांनी १९१० मध्ये अमेरिकेहून बॉर्डन नावाचा ग्रंथपाल बोलावला तेव्हा नुसती इमारत बांधायला सांगितली नव्हती, त्याने माणसं तयार केली, पुस्तकांच्या फिरत्या पेट्या खेडोपाडी पाठवल्या. आणि गावाच्या वाचनालयाचा हिशोब काय होता माहितीये? जेवढे पैसे गाव जमवेल तेवढेच पंचायत घालणार आणि तेवढेच सरकार घालणार. तिघांचे तीन हिस्से. गावाने काहीच नाही घातलं तर बाकीचे दोघंही गप्प. मला ही कल्पना आजच्या कुठल्याही योजनेपेक्षा हुशारीची वाटते, कारण ज्या माणसाने स्वतःच्या खिशातून थोडे का होईना पैसे घातलेत तो वर्षाच्या शेवटी विचारायला येणारच की पुस्तकं कुठायत.

मैदानाचं तर विचारूच नका. हे बडोदं आहे, इथे १९४७ च्या रणजी फायनलला होळकरांविरुद्ध हजारे आणि गुल महंमद यांनी ५७७ ची भागीदारी केली (इंदूरवाल्या आत्येभावाला हे सांगितलं की तो अजून चिडतो), जुम्मादादा व्यायामशाळेत प्रोफेसर माणिकरावांनी पिढ्या घडवल्या. आणि आमच्या शाळेचं मैदान नवरात्रात गरब्याला, मग लग्नांना, मग कुठल्यातरी सेलला भाड्याने. मंडपाचे खांब उपटून नेतात, खड्डे तसेच, खिळे तसेच. पी.टी.चा तास वर्गात होतो. इरफान आणि युसूफ पठाण मांडवीच्या मशिदीच्या आवारात खेळून इंडियासाठी खेळले याचं आपल्याला फार कौतुक, असावंच, पण त्यातून आपण असा अर्थ काढतो की जिद्द असली की मैदान लागत नाही. दोघं भाऊ निघाले म्हणून त्या आवाराचं नाव आपल्याला कळलं, मैदान नाही म्हणून घरी बसलेल्यांची नावं कोणाला माहितीयेत?

थोडं कटू बोलते. ही शाळा सरकारने एकट्याने नाही घालवली, आपण घालवली. आपण म्हणजे दांडिया बाजार, रावपुरा, वाडी इथल्या वाड्यांमधून निघून कारेलीबाग, मांजलपूर, आणि आता त्याच्याही पुढे फ्लॅटमध्ये गेलेले मराठी लोक. आमच्या आईवडिलांच्या वेळी त्याच वर्गात कचेरीतल्या साहेबाची मुलगी आणि पट्टेवाल्याची मुलगी एका बाकावर होत्या, त्यामुळे नळ बंद पडला की साहेब स्वतः हेडमास्तरांकडे यायचे. साहेबांची मुलं गेली, मग कारकुनांची गेली, मग ज्यांना चार ओळींचा अर्ज लिहिता येतो अशा सगळ्यांची गेली. मीही गेले. माझी मुलगी सीबीएसईत शिकली, बसने जायची, आणि तेव्हा मला एकदाही अपराधी वाटलं नाही हे कबूल करते. २०१८ मध्ये इथे ९१ वं मराठी साहित्य संमेलन झालं तेव्हा मी स्वयंसेवक होते, मांडवात बसल्या बसल्या ओळखीचे चेहरे मोजत होते, यांच्यापैकी कोणाची नातवंडं मराठी माध्यमात आहेत. हाताची बोटं खूप झाली. आमच्या हायस्कुलातले मराठीचे वर्ग त्याच्या कितीतरी आधीच बंद पडले होते, ते बंद करताना मोर्चा वगैरे काही निघाला नाही, कारण वर्गात मुलंच नव्हती. आता कमानीवर मराठीत अक्षरं कोरायची म्हणतायत.

कोठारी आयोगाने (१९६४ ते ६६) हे आधीच सांगितलं होतं, आपले जे. पी. नाईक त्याचे सदस्य-सचिव होते, की वस्तीतली सगळी मुलं, श्रीमंत-गरीब, एकाच शेजारशाळेत गेली पाहिजेत, नाहीतर ज्यांच्या शब्दाला वजन आहे त्यांना त्या शाळेचं काही पडलेलं नसेल. साठ वर्षं होत आली. २०१५ मध्ये अलाहाबाद हायकोर्टाने तर उत्तर प्रदेशात सरळ आदेश दिला होता की सरकारी नोकर, लोकप्रतिनिधी, न्यायाधीश यांनी आपली मुलं सरकारी प्राथमिक शाळेत घालावीत. त्याचं पुढे काय झालं ते वेगळं सांगायला नको. मला स्वतःला असली सक्ती पटत नाही, मुलीची शाळा कोर्टाने ठरवली असती तर मीच आधी भांडले असते. पण मुलं पाठवायची नसतील तर निदान दुसरं काहीतरी नातं पाहिजे, वर्षातून एकदा गेट-टुगेदरला जाऊन बाकावर बसून सेल्फी काढण्यापेक्षा जास्त.

म्हणून माझं म्हणणं अगदी छोटं आहे. संध्याकाळी साडेपाचनंतर शाळा वॉर्डासाठी उघडा. वाचनालय, ड्रॉइंग हॉल, मैदान. सकाळी मुली, दुपारी मुलं, संध्याकाळी मोहल्ल्यातले म्हातारे पेपर वाचायला, पोळीभाजी करून आलेल्या बायका, अभ्यासाला घरात जागा नसलेली कॉलेजची पोरं. खर्च तिघांचा, गाव-पंचायत-सरकारसारखा, म्हणजे आम्ही माजी विद्यार्थी, महानगरपालिका आणि राज्य सरकार. ज्या संडासात आपल्याला स्वतःला जायचंय त्याची कडी किती दिवस तुटलेली राहील? दोन दिवस. मैदानावर आपले वडील संध्याकाळी चालायला येत असतील तर खिळे कोण राहू देईल?

यावर ग्रुपवर जे आक्षेप आले त्यातला एकच खरा विचार करण्यासारखा होता. एका ताईंनी लिहिलं, सरकार टॅक्स घेतंय, हे सरकारचं काम आहे, आपण दारं बसवली तर सरकार म्हणेल बरं झालं आणि उरलेलंही आपल्यावर टाकेल. बरोबर आहे, ही भीती मलाही आहे, शिक्षकांचं तसंच तर झालं, करारावरच भागतंय म्हटल्यावर कायम भरती मागे मागे. म्हणून दारांबरोबर एक अर्जही पाहिजे, कायद्यातली सुविधांची यादी बारावीपर्यंत न्या म्हणून, २०२० च्या नव्या धोरणात ३ ते १८ वयाची भाषा आलीच आहे, ती कायद्यात आणा म्हणावं. पण अर्जाचं उत्तर येईपर्यंत त्या मुलीने पाणी प्यायचं नाही का? बाकी आक्षेप काय, इंग्लिश मीडियमचा जमाना आहे, सरकारी मास्तर शिकवत नाहीत, तिथे आता 'आपले' लोक नसतात.

हा शेवटचा आक्षेप एका काकांनी लिहिला आणि तासाभरात डिलीट केला, पण मी वाचला होता. त्यांना मी खाजगीत एवढंच लिहिलं की महाराजांनी स्कॉलरशिप देऊन १९१३ मध्ये बाबासाहेबांना कोलंबियाला पाठवलं, आणि १९१७ मध्ये ते नोकरीसाठी बडोद्यात आले तेव्हा याच शहरात त्यांना राहायला खोली मिळाली नाही, पारशी सराईतून बाहेर काढलं, कमाटीबागेत झाडाखाली बसून दिवस काढला. महाराजांचं नाव आपण कमानीवर लिहिणार, आणि खोली नाकारणारं शहर कोणाचं होतं, ते पण आपलंच ना? काकांचं उत्तर नाही आलं.

कमानीचा ठराव बहुमताने झाला, ते अपेक्षितच होतं. दारांसाठी आम्ही सोळा जण निघालो, त्यात ते इमोजीवाले दादाही आहेत. फायबरचं दार, चौकट, आतून-बाहेरून कडी, बसवण्यासकट एका दाराचे साडेतीन हजार, सहा दारं, भाव मी मंगळबाजारापलीकडच्या दोन दुकानांतून काढून आणला. पैसे दोन दिवसांत जमले. मग शाळेत गेले तर तिथल्या बेन, म्हणजे बाई, म्हणाल्या, फार छान, पण सरकारी इमारतीत असं परस्पर काही बसवता येत नाही, कचेरीची मंजुरी लागेल, अर्ज द्या. अर्ज दिला, तीन प्रतींत. कमानीला मंजुरी लागते का विचारलं, तर ती अजून कोणी मागितलीच नाहीये.

इनवर्ड नंबर मिळालाय. क्लार्कभाई म्हणाले, पंधरा दिवसांनी फोन करा. मे महिन्याच्या सुट्टीत सुतार मिळतो, जूनमध्ये नववीचे वर्ग भरायच्या आत मला ती सहा दारं लागलेली बघायचीयेत. दर सोमवारी अकरा वाजता फोन करायचा असं कॅलेंडरवर लिहून ठेवलंय, परवा पहिला केला, साहेब मिटिंगमध्ये होते.